दोन्हीकडे त्र्याहत्तर

"दोन्हीकडे तोच आकडा!" नेटवर्कवाली खुर्चीतून उठलीच. "अहो ताई, तुमच्या नेटवर्कच्या पत्त्यात त्र्याहत्तर आणि तिकडेही त्र्याहत्तर. मग जोडणी लागणार कशी?"

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चारच्या आत बँकेच्या नव्या इमारतीचे नकाशे एका फाइलमध्ये पोचायला हवे होते. भिंती ताईने काढल्या होत्या. तारा आणि नळ तिच्या धाकट्या बहिणीने काढले होते, चार तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शहरात, स्वतःच्या ऑफिसात. तिजोरी कुठे आणि तिच्यापर्यंत तार कुठून जाते, हे मेलवर पाठवायला बँकेची सक्त मनाई होती. म्हणून दोन ऑफिसांमध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटच्या भर रस्त्याखालून दोघींपुरता बंदिस्त बोगदा. नेटवर्कवाली सकाळपासून तोच खणत होती. चार हुकले की काम दोघींच्याही हातचं जाणार होतं. आणि सहा वर्षांत दोघींच्या वाट्याला एकत्र आलेलं हे पहिलंच काम होतं.

"आकडा एक असला तर बिघडलं काय?" ताईने विचारलं.

"तुमच्या कॉम्प्युटरला तिकडचा पत्ता शोधायला सांगितला, की तो म्हणतो, हे तर आपलंच घर! दाराबाहेर पाऊलच टाकत नाही. एकीला आकडा बदलावा लागेल."

"मग तिला सांग."

"तिला सांगा, मी नाही बदलणार," स्पीकरवरून धाकटी म्हणाली. दोघी एकाच फोनवर होत्या, पण बोलत होत्या नेटवर्कवालीशी.

"तिला सांग, या ऑफिसात पहिली तार ओढली तेव्हा बाबांनी स्वतःच्या हाताने घातलेला आकडा आहे. आमच्या घराचा नंबर."

"ते घर माझंही होतं म्हणावं," धाकटी म्हणाली आणि फोन कट झाला.

नेटवर्कवालीने कपाळाला हात लावला. मग स्वतःशीच पुटपुटली, "पण तिकडच्या नव्या मशिनवर हा आकडा येतो कुठून? आपोआप आला तर एक किंवा शून्य येतो. त्र्याहत्तर मुद्दाम घालावा लागतो."

ताईने मान वर केली. "म्हणजे तिने..."

"बसून घातलाय कोणीतरी."

हे ऑफिस सोडून जाताना धाकटीने इथली फुटपट्टीसुद्धा नेली नव्हती. इथलं काही नको, असं म्हणाली होती, आणि ताई ते वाक्य सहा वर्षं ज्याला त्याला ऐकवत आली होती. आता तिला एकदम रडू येईलसं वाटलं. पण घड्याळात तीन अठरा झाले होते. रडायला वेळ नव्हता.

"माझा बदल," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर कर. तिचा राहू दे."

मग एकच धांदल उडाली. ताईने चष्मा केसांत खोचला आणि टेबलाटेबलाशी जाऊन, नवा आकडा लागावा म्हणून, सगळ्यांना कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला लावले. ताईचा आवाज असा चढला होता, की हूं की चूं करायची कोणाची टाप नव्हती. तीन पस्तीसला नेटवर्कवालीने बोटं मोडली आणि बटण दाबलं.

पडद्यावर लाल खूण आली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"शक्यच नाही!" तिने स्पीकरवर धाकटीला फोन लावला. "अहो, तुम्ही तिकडे कशाला हात लावलात का?"

"लावला ना!" धाकटीला धाप लागली होती. "मीच बदलला. तिला म्हणावं, बाबांचा तुझ्याकडेच राहू दे. मी चौऱ्याहत्तर केला."

 मग ताईला असं हसू फुटलं, की तिने टेबलाचा आधार घेतला.

"अगं बये, मी पण!"

"काय?"

"मी पण चौऱ्याहत्तर केला!"

तिकडूनही हसू आलं, खो खो, लहानपणचं.

"मग तू परत घे त्र्याहत्तर. मोठी आहेस तू."

"मोठी आहे म्हणूनच सांगते, तू ठेव."

"मी नाही ठेवणार."

"नाही कशी ठेवत, बघतेच मी!"

भांडण पुन्हा जुंपलं. दोघी तशाच हट्टाने भांडत होत्या, फक्त आता प्रत्येकीला हरायचं होतं.

"बायांनो, एकीने कोणीतरी जिंका हो!" नेटवर्कवाली ओरडली. "वीस मिनिटं उरलीत!"

शेवटी ताईचंच खरं झालं. त्र्याहत्तर धाकटीकडे राहिला. तीन सत्तेचाळीसला खूण हिरवी झाली, आणि नेटवर्कवालीने सगळ्यांदेखत उडी मारली.

"आधी एक कागद पाठवून बघा," ती फोनवर म्हणाली. "ताईंच्या प्रिंटरवर. काहीही टाइप करा. या बोगद्यातून जाणारं बाहेरचं कोणी वाचू शकत नाही."

 तिकडून कळांची टकटक. ताईच्या कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला आणि एक कागद बाहेर आला. ताईने चष्मा खाली ओढला, कागद वाचला, परत वाचला. मग चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"नीट आलं ना? अक्षरं तुटली नाहीत?"

"एकही नाही."

"काय लिहिलंय? दाखवा की."

"बाहेरचं कोणी वाचू शकत नाही, तूच म्हणालीस ना?" ताईने पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "चल, नकाशा मागव. बारा मिनिटं आहेत."