मुरडीचा कानोला

वाशीमच्या स्टेशनाजवळ कलकत्त्याहून आलेल्या एका चिनी म्हाताऱ्याचं हाटेल होतं. गावानं त्याला लीशेट करून टाकलं होतं. गिरजाबाई बाजाराच्या दिवशी त्याला पत्ताकोबी पोचवायची. त्या दुपारी त्यानं तिला बाकावर बसवलंच.

"माय, आज खाऊनच जाय."

त्यानं बांबूची टोपली पुढ्यात ठेवून झाकण काढलं. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली. आत मैद्याचे पांढरे कानोले दिसू लागले, कडेला मुरड घातलेले.

बहात्तरच्या दुष्काळात तिचा पोरगा चंपत सुरतेला निघाला, तेव्हा तिनंही मुरड घालून कानोला केला होता. घर सोडणाऱ्यानं तो अर्धा खायचा, अर्धा शिंक्यात ठेवायचा. उरलेला संपवायला माणूस परत येतोच. पण दुसऱ्याच दिवशी गिरजाबाईनं चुकून तो अर्धा गाईपुढच्या सरकीच्या ढेपीत टाकला. त्याला सात वर्षं झाली होती, चंपत परतला नव्हता.

वाफ विरली. पाच कानोले अख्खे होते आणि सहावा अर्धा. दातांच्या खुणेत पुढचा एक दात नव्हता. चंपतचा तो दात लहानपणी गोऱ्ह्यानं पाडला होता.

"लीशेट, हा कोनं खाल्ला?"

"कोनी नाई, माय. तुह्यासमोरच तं झाकन काढलं."

तिनं तो अर्धा उचलून पाहिला. बाकीचे ऊन होते, हा गार होता. त्याला ढेपीचा वास येत होता.

तिनं तो जपून परत ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली.

थोड्या वेळानं टोपलीतून चावल्याचा आवाज येऊ लागला, सावकाश, भुकेल्या माणसासारखा.