दोन दिवसांचा मुक्काम

नवरा सोडून ती दीड खोलीच्या घरात एकटी राहायला लागली, तेव्हा शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी तिची समजूत घालायला दोन दिवस मुक्कामाला आल्या. तिने त्यांना पलंग दिला, स्वतः सतरंजीवर झोपली, आणि सगळं ऐकून घेतलं.

"थोडं नमतं घे गं," बाईसाहेब म्हणाल्या. दोघींतली ही एक वर्गाची मॉनिटर होती, तेव्हापासून तिला हेच नाव पडलं होतं. "इतकं ताणून कसं चालेल?"

"नमतं घेऊन घेऊन मान अवघडली माझी," ती म्हणाली. "परत जाणार नाही म्हणजे नाही. चहा टाकू का आणखी?"

दुसरी मैत्रीण, मनी, नुसती बसून होती. आयुष्यात ती कुणाला उलटून बोलली नव्हती. बाईसाहेब आंघोळीला गेल्या, तशी तिने हळूच विचारलं, "तू बाहेर निघालीस की इथे कुणी विचारत नाही, कुठे चाललीस म्हणून?"

"कोण विचारणार? कुलूप माझं, किल्ली माझी."

निघायच्या दिवशी सकाळी खाली गाडी येऊन थांबली. "हिच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही," म्हणत बाईसाहेबांनी बॅग उचलली. मनी मात्र पलंगावरून उठेना.

"अगं, चल ना! तुझ्या नवऱ्याला काय सांगू मी?"



"सांग त्यांना, हिची समजूत पटली नाही. माझी पटली."