काचेवरची रेघ

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा निळा दिवा टिकत नाही. उजेड वाढवायला व्होल्टेज चढवलं की पाच मिनिटांत हिरवट होतो. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या आरोहीचा मात्र म्हणे तासभर निळाच राहिला! मला वाटलं, पोरीने मोजताना आपली काच बाजूला ठेवून लोहार चाळीच्या बाजारातला साधा एलईडी लावला असणार. म्हणून ती चहाला गेल्यावर तिच्या दिव्याच्या काचेच्या कोपऱ्यात काच कोरायच्या डायमंड पेनने बारीक रेघ ओढली. दुपारी म्हणालो, “माझ्यासमोर लाव.” तिने लावला. तास उलटला, तरी निळा तो निळाच. काच भिंगाखाली धरली. माझी रेघ जागेवर होती. “बरं. काच ठेवून जा, पेपर मी लिहितो.” “थांबा सर, भिंग द्या. काच माझीच आहे ना, बघते. दुसऱ्या कोपऱ्यात माझी रेघ आहे.” “तुझी कशाला?” “गेल्या वर्षी आमच्या सीनियर प्रितीताईचा दिवा तुमच्या एकट्याच्या नावाने छापून आला, तेव्हापासून आम्ही सगळेच ओढतो.”