वाचलेली इमारत

कौन्सिल आमची इमारत पाडणार होतं. वरच्या मजल्यावरच्या ग्लेनिसबाई आपलं घर जाऊ नये म्हणून दारोदार सह्या गोळा करून पार थकल्या, आणि शेवटी जिंकल्या. लंडनहून आलेल्या तज्ज्ञांनी इमारत छप्पन सालच्या बांधकामाचा उत्तम नमुना ठरवून जतन करायला लावली.

सोमवारी कौन्सिलचा क्रेग जिन्यात आमच्यासोबत केक खायला आला. "अभिनंदन! आता इथलं मूळचं काही हलवायचं नाही. खिडक्या, कठडे, कोळशाची खोली, सगळं जागच्या जागी."

"हुश्श! म्हणजे मी इथेच मरायला मोकळी, बाळा," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

 

"नाही हो बाई, तुम्ही एकाहत्तर साली राहायला आलात. तुम्हाला हलवता येतं."