दोन्ही टोकं

“एक!” जिन्याच्या मधल्या पायरीवरून थोरली सून ओरडली.

“तीन,” वरच्या खोलीतून दिराचा आवाज आला.

तिनं कपाळावर हात मारला. खाली नवऱ्याच्या हातात केबल तपासायची डबी होती, तिची जोडीदार डबी वर दिराकडे. खाली पहिला दिवा लागला, की वरही पहिलाच लागायला हवा. लागत होता तिसरा.

गेल्या आठवड्यात सासूबाई वर पलंगावरून पडल्या. धाकटा कामावर गेलेला, खाली कुणाला पत्ता नाही. बिचाऱ्या किती तरी वेळ फरशीवर पडून होत्या. तेव्हापासून त्या खोलीत कॅमेरा बसवायचं ठरलं. वायफाय काही स्लॅबमधून वर पोचेना, म्हणून जिन्याच्या कडेनं केबल ओढली. खालच्या टोकाचा प्लग थोरल्यानं बसवला, वरचा धाकट्यानं. एकमेकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. वडील गेल्यापासून दोघा भावांच्या तोंडाला कुलूप होतं. थोरला म्हणाला होता, ऑपरेशन करू. धाकटा म्हणाला होता, घरी नेऊ. डॉक्टरांच्या मते दोन्ही चाललं असतं. ऑपरेशन झालं आणि वडील टेबलावरच गेले. “तुझ्या हट्टानं गेले,” धाकटा त्या दिवशी बोलला, ते शेवटचं.

सून वर-खाली करून रंग विचारून आली. “तुमच्या तारा हिरव्यापासून लावल्यात, भावोजींच्या नारिंगीपासून. आता बरोबर कोण?”

“दोघंही,” थोरला खाली मान घालून म्हणाला. “फक्त दोन्ही टोकांना एकच क्रम हवा. कॅमेरा जुना आहे, त्याशिवाय चित्र देणार नाही.”

“मग एकानं आपलं टोक तोडा की! तिकडे आई जमिनीवर पडतायत, आणि तुमचं आपलं हिरवं-नारिंगी चाललंय. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही!”

हे वरपर्यंत ऐकू गेलं. ती तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळू लागली.

थोरला हातातल्या प्लगकडे बघत राहिला. बाबांच्या वेळी एकदा तरी धाकट्याचं ऐकायला हवं होतं, असं त्याला गेली कित्येक वर्षं वाटत होतं. सांगायची मात्र छाती झाली नव्हती. त्यानं पक्कड घेतली आणि आपलं टोक तोडलं. तारांचे पीळ सोडवले, सरळ केले. नारिंगी आधी लावली. प्लग दाबून बसवला आणि बायकोला हाक मारली.

ती पदराला हात पुसत जिन्यात आली. त्यानं बोट वर केलं.

“एक!” ती ओरडली.

वरून अडखळत आवाज आला, “तीन.”

थोरल्याचं डोकंच फिरलं. एवढी माघार घेतली, तरी हा नाही म्हणतो! तो ताडताड जिना चढला. “अरे, मी नारिंगी लावलीय! तू—”

आईच्या पलंगाशी धाकटा जमिनीवर बसला होता. त्याच्या मांडीवर पक्कड होती, पायाशी तोडलेला प्लग. आई टक लावून दोघांकडे बघत होती.

“दादा,” धाकटा म्हणाला, “मी तुझी हिरवी लावली रे.”