फायटरचं लिंबू

प्रयागबाईनं लिंबू पदराआड लपवून माळावर आणलं होतं. नवऱ्याला दिसलं असतं तर तिची धडगत नव्हती. संपत म्हणजे लष्कराच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला गडी; मशिनला दृष्ट लागते म्हटलं की स्वारी खवळायची.

त्यानं घरी जुळवलेलं रिमोटचं विमान मात्र दोनदा पडलं होतं. हातातून सुटलं की नाक वर करायचं आणि शेपटावर धाडकन खाली यायचं. संपत वाऱ्याला शिव्या घालायचा, पंख पुन्हा चिकटवायचा. कळंबच्या पारावर टिंगल चालायची ती वेगळीच. काल मात्र तो शांतपणे म्हणाला, "उद्या पडलं तर चुलीत घालतो." नोकरी सुटल्यावर हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. हे हिरवं फायटर जुळवायला घेतलं तेव्हा कुठं माणसांत आला. ते चुलीत गेलं की पुन्हा भिंत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

संपत रिमोटमध्ये सेल भरत होता. तेवढ्यात तिनं विमानाच्या नाकाची झाकणी उघडली, बॅटरीपुढं लिंबू घट्ट कोंबलं आणि साळसूदपणे बाजूला झाली.

शेजारच्या गेणभाऊनं पळत जाऊन विमान फेकलं. तिनं डोळे मिटले. पडल्याचा आवाज काही येईना. एक डोळा उघडून पाहते तर विमान बाभळीवरून सरळ चाललेलं. वळलं, घोंगावत डोक्यावरून गेलं.

"आरं तिच्या," गेणभाऊ एवढंच म्हणाला.

संपतनं ते गवतात अलगद उतरवलं आणि त्याच्याकडं धावला. प्रयागबाईला इतकं हायसं वाटलं की लिंबाची आठवणच राहिली नाही.

बॅटरी काढायला त्यानं झाकणी उघडली आणि लिंबू हातात आलं. आता काही खैर नाही, म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. त्यानं पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललं. शेपूट खाली गेलं. लिंबू परत घालून उचललं, तर सरळ राहिलं.

"नाकच हलकं व्हतं," तो पुटपुटला. "मी उगाच वाऱ्याला बोल लावला."

"दिष्ट व्हती," ती म्हणाली.

त्यानं लिंबू आतच राहू दिलं. झाकणी लावली. "सुकलं की वजन घटंल याचं. आठवड्याला ताजं लागंल."

"शनिवारी बदलायचंच असतं ते," प्रयागबाई म्हणाली.