मागची झील
“जी जी रं जी...” शाहीर मारोतीची ओळ संपायची आणि मागून बायको, चांगुणा, झील उचलायची, जलशाचं मैदान भरून जायचं. अठ्ठ्याहत्तर साली ती वारली, आणि ‘गळा बसला’ म्हणत त्यानं स्टेज सोडलं. पुढे वाशीत कॅसेट कंपनी काढून स्वतः लिहिलेली गाणी दुसऱ्यांकडून गाऊन घेऊ लागला. मात्र प्रत्येक ओळीनंतर तो जागा मोकळी ठेवायला लावी. “शेठ कोरी टेप विकतात,” वादक हसायचे. त्या जागेत त्याला चांगुणा ऐकू यायची. आज गायकाची ओळ संपली आणि गाणं ऐकायला आत माइकपाशी बसलेली मारोतीची लेक, तिनं नकळत झील उचलली. टेप थांबवायला रेकॉर्डिस्टचा हात बटणाकडे गेला. मारोतीनं तो धरला. “सॉरी बाबा, राहवलं नाही,” बाहेर येऊन ती म्हणाली. तो काचेपलीकडच्या माइककडेच बघत राहिला. “गळा बसलाच नव्हता, पोरी. मागे तुझी आई नव्हती.”